काकांची बाटली आधी उभी करा

ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, गेली चौदा वर्षं ग्लासगोला लागून असलेल्या पेझलीत राहते. माझे काका १९६९ साली इकडे आले आणि गोव्हनला जहाजबांधणीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. १९७८ च्या मे महिन्यात साताऱ्याला लग्न करून ते काकूंना घेऊन आले. मूलबाळ झालं नाही. काकू २००३ च्या मार्चमध्ये गेल्या, काका गेल्या वर्षी.

घर आवरताना कपाटात कोटांच्या मागे एक खोका मिळाला. आत न फोडलेली बाटली आहे. वर लिहिलंय पोर्ट एलन, इस्ले सिंगल माल्ट, २४ वर्षं, १९७८, सेकंड रिलीज, ५९.३५ टक्के. खोक्यात डिसेंबर २००२ ची दुकानाची पावतीही आहे. आमचं घर माळकरी. काका 'घेतात' एवढ्यावरून वडिलांनी त्यांच्याशी बरीच वर्षं अबोला धरला होता. मी स्वतः दारूला शिवत नाही.

यजमान म्हणतात, दहा वर्षं ठेवू, दुप्पट होतील. पुण्याचा भाऊ म्हणतो, इकडे घेऊन ये, मुंबईत कोणीही उचलेल. मी इंटरनेटवर किमतीची चौकशी केली तर एका कंपनीचा माणूस रोज फोन करतोय की बाटली आम्हाला द्या, बदल्यात व्हिस्कीच्या पिंपात हिस्सा घ्या. शेजारी काकांच्या कारखान्यातले जुने सोबती राहतात, वय ८३. ते फक्त 'विकू नकोस' म्हणतात आणि गप्प बसतात. बाटली गळ्यापासून थोडी रिकामी दिसते, काकांनी चोरून घेतली असेल का? सध्या साडीत गुंडाळून कपाटात आडवी ठेवली आहे. पैशांची नड नाही, पण एवढी मोलाची वस्तू हातून वाया जाऊ नये असं वाटतं. काय करू?

एक वाचक, पेझली

नमस्कार.

आधी उठा आणि ती बाटली उभी करा. पुढचं नंतर वाचलंत तरी चालेल.

वाइनची बाटली आडवी ठेवतात, बूच ओलं राहावं म्हणून. पण वाइनमध्ये मद्यार्क बारा-चौदा टक्के असतो, तुमच्या बाटलीत साठाला टेकलेला आहे. एवढा कडक ऐवज महिनोन् महिने बुचाला लागून राहिला तर बूच भुसभुशीत होतं, त्याचा कस आत उतरतो आणि एक दिवस ते तुकडे होऊन आत पडतं. काही महिन्यांत फार बिघडलं नसेल, काळजी करू नका. साडी राहू द्या, सुती असेल तर उत्तमच. फक्त ऊन, रेडिएटर आणि बॉयलरचं कपाट या तिन्हींपासून ती लांब ठेवा.

मी नऊ वर्षं स्कॉटलंडमधल्या एका लिलावघरात जुन्या बाटल्या तपासून त्यांची नोंद करण्याचं काम केलं. टेबलावर दिवा, हातात भिंग, आणि समोर कोणाच्या तरी वडिलांची, आजोबांची, नवऱ्याची बाटली. त्यामुळे काकांवरचा तुमचा संशय मला पहिल्यांदा दूर करू द्या. बुचावरचं वेष्टण कुठे फाटलेलं, उचकटलेलं, डिंकाने पुन्हा चिकटवलेलं नसेल तर त्या बाटलीतून कोणी थेंबही घेतलेला नाही. वीस-बावीस वर्षांत बुचातून थोडी वाफ निघून जातेच. खांद्याच्या वर, गळ्याच्या तळाशी पातळी असेल तर या वयाच्या बाटलीला ती चांगलीच म्हणायची. बाटली दिव्यासमोर धरा, पातळीच्या रेषेवर बाहेरून कागदाची बारीक पट्टी लावा (लेबलवर नव्हे, काचेवर) आणि दोन महिन्यांनी पुन्हा बघा. रेघ हलली असेल तर बूच गळतंय. नसेल तर निश्चिंत राहा.

आता ही बाटली आहे तरी काय, ते सांगते. तुम्हाला सल्ला देणारे तिघेही किमतीबद्दलच बोलताहेत.

बाटलीवर ज्या बेटाचं नाव आहे त्याचा उच्चार 'इस्ले' नाही, 'आयला' असा आहे. मराठी माणसाला हसू येणारच, येऊ द्या. पण शेजारच्या आजोबांशी बोलताना 'आयला'च म्हणा, त्यांना बरं वाटेल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर केनाक्रेग म्हणून धक्का आहे, तिथून फेरीबोटीने दोन-सव्वादोन तासांत तुम्ही बेटावर पोचता. झाडं थोडी, वारा उदंड, आणि जमिनीत जागोजागी पीटचे थर. पीट म्हणजे पाणथळ जागी हजारो वर्षं अर्धवट कुजत साचलेलं शेवाळ, गवत आणि हेदरची झुडपं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर थर चढतो. उन्हाळ्यात लांब पात्याच्या हत्याराने त्याच्या विटा कापतात, वाळत घालतात आणि आपल्याकडे गोवऱ्या रचतात तशा रचून ठेवतात. लाकूड नाही, तर हेच सरपण. घरातली शेगडीही त्यावर आणि दारू गाळण्याची तयारीही त्यावरच.

मटकीला मोड आणतो तसे बार्लीला मोड आणायचे आणि ते फार वाढायच्या आत ती वाळवायची, हाच 'माल्ट'. आयलाला ती वाळवतात पीटच्या धुरावर. धुरातली फिनॉल नावाची द्रव्यं दाण्याच्या सालाला चिकटतात आणि शेवटपर्यंत सोबत करतात, अगदी पेल्यापर्यंत. साताऱ्याकडे चुलीवर तापवलेल्या दुधाला धूर लागलेला तुम्ही लहानपणी चाखला असेल. एकदा लागला की साखर घालून जात नाही, वेलची घालून जात नाही. तसंच हे. फरक इतकाच, की इथे तो धूर मुद्दाम लावलेला असतो आणि पिंपात वर्षं जातील तसा तो निवत जातो. दहा वर्षांची आयला व्हिस्की नाकात जाते ती जखमेवर लावायच्या आयोडीनसारखी. चोवीस वर्षांची पुष्कळ शांत झालेली असते. राख विझल्यावर चुलीशेजारी बसलं की जसा वास येतो तसा, आणि त्यामागे लिंबाची साल, ओला दोरखंड, किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी.

पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जातं, तिथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. अडीचशे लिटरचं पिंप चोवीस वर्षं ठेवलं तर दीडशेच्या आसपास हाती लागतं. जुनी व्हिस्की महाग का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं उत्तर पोर्ट एलनच्या कहाणीत आहे. ही आयलावरची डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळण्याचा कारखाना, १८२५ च्या सुमाराची. १९३० च्या आसपास ती बंद पडली ती थेट १९६७ ला पुन्हा सुरू झाली, आणि मे १९८३ मध्ये पुन्हा बंद. त्या काळात स्कॉटलंडमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त व्हिस्की साठली होती. एकाच मालकाच्या आयलावर तीन डिस्टिलऱ्या होत्या, लॅगावूलिन, कूल ईला आणि पोर्ट एलन. कूल ईला नुकतीच मोठी करून बांधलेली, लॅगावूलिनला नाव होतं. कुऱ्हाड पडली ती पोर्ट एलनवर. १९८३ या एका वर्षात त्याच मालकाने ब्रोरा, डलस धू, सेंट मॅग्डलीन अशा आणखी कितीतरी डिस्टिलऱ्यांना टाळं ठोकलं. त्या वेळी पोर्ट एलनसाठी फारसं कोणी हळहळलं नाही, कारण तिचा बहुतेक माल धुराची चव द्यायला ब्लेंडेड, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांचा माल मिसळून केलेल्या, व्हिस्क्यांत जायचा. चोखंदळ लोकांनी नुसती पोर्ट एलन घेऊन पाहिली तोवर स्टिल, म्हणजे व्हिस्की गाळण्याची भांडी, काढून नेली होती.

म्हणजे जुनी पोर्ट एलन म्हणून जे काही जगात आहे ते मुख्यतः १९६७ ते १९८३ या सोळा वर्षांतलं. उरलेल्या पिंपांतून मालकांनी २००१ ते २०१७ अशी सतरा वर्षं दरवर्षी एक क्रमांकित आवृत्ती काढली. पहिली २००१ ची, १९७९ साली गाळलेली, ६,००० बाटल्यांची. तुमची दुसरी, २००२ ची, १९७८ साली गाळलेली, १२,००० बाटल्यांची. सतरांमध्ये सर्वांत मोठी संख्या हिचीच. हे मुद्दाम सांगते, कारण 'दुर्मीळ' हा शब्द ऐकून यजमानांच्या डोळ्यांपुढे जे आकडे नाचत असतील ते दुसऱ्याच बाटल्यांचे असण्याचा संभव आहे. ही उत्तम व्हिस्की आहे, जुन्या जाणत्यांत हिला मान आहे, पण सतरा बहिणींत ही सर्वांत दुर्मीळ नव्हे.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. २०१० नंतर दहा-बारा वर्षं भाव खरोखर चढत गेले, ज्यांनी तेव्हा घेतलं त्यांचं भलं झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावघरात मॅकॅलन नावाच्या व्हिस्कीची १९२६ ची एक बाटली जवळजवळ बावीस लाख पौंडांना गेली. ती बातमी त्यांनी वाचली असणार. पण त्या पिंपातून सगळ्या मिळून चाळीसच बाटल्या निघाल्या होत्या. तिच्यावरून आपल्या बाटलीचा हिशेब मांडता येत नाही. २०२२ नंतर लिलावांतले भाव बरेच खाली आले आहेत. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत नाही. २४ वर्षांची बाटली तुम्ही आणखी २४ वर्षं ठेवलीत तरी ती ४८ ची होत नाही. उलट बूच जुनं होतं, पातळी उतरते आणि खरेदी करणारा पहिलं बोट त्यावरच ठेवतो. खुद्द पोर्ट एलन मार्च २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे, जुन्यासारखीच स्टिल बसवून. नवा माल तुमच्या बाटलीच्या वयाचा व्हायला दोन तपं लागतील, म्हणून तुमच्या बाटलीचं मोल त्याने कमी होईल असं मी म्हणत नाही. पण 'दहा वर्षांत दुप्पट' याची हमी कोणीच देऊ शकत नाही. भाव पाहायचाच असेल तर दुकानाच्या संकेतस्थळावर मागितलेली किंमत पाहू नका. लिलावघरांच्या संकेतस्थळांवर जुन्या विक्रीचे आकडे सर्वांसाठी खुले असतात, गेल्या सहा महिन्यांतले तेवढे पाहा आणि त्यातून विक्रेत्याचं कमिशन वजा करा.

भावाला प्रेमाने नाही म्हणा. विमानात सामानातून ७० टक्क्यांपर्यंतची दारू नेता येते आणि भारतात दोन लिटरपर्यंत शुल्क पडत नाही, त्यामुळे बाटली पुण्यात पोचेल. पुढे काय? महाराष्ट्रात दारू जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि विकणं हे फक्त परवानाधारक दुकानाचं काम. तुमच्या भावाने मुंबईत कोणाला ती बाटली 'उचलायला' दिली तर तो गुन्हा होतो. आपल्या सख्ख्या माणसाला त्यात घालू नका.

फोन करणाऱ्या माणसाबद्दल मात्र मी जरा रागानेच लिहिते आहे, कारण माझ्या टेबलासमोर बसून माणसं रडलेली मी पाहिली आहेत. पिंपातली व्हिस्की ब्रिटनमध्ये सरकारी देखरेखीखालच्या गोदामातच राहते, ती घरी आणता येत नाही. ती तुमची आहे याचा पुरावा म्हणजे गोदामाच्या वहीत तुमच्या नावावर झालेली नोंद आणि त्यासाठी विक्रेत्याने गोदामाला दिलेला लेखी आदेश. सोनेरी कडेचं, शिक्क्याचं 'मालकीचं प्रमाणपत्र' ही मंडळी धाडतात, त्याला गोदामात कोणी विचारत नाही. एकच पिंप अनेकांना विकल्याची प्रकरणं इथे उघडकीस आली आहेत. तुम्हाला तर तो पूर्ण बाटलीच्या बदल्यात 'हिस्सा' देतोय. कोणत्या डिस्टिलरीचं पिंप, कोणत्या सालचं, कोणत्या गोदामात, क्रमांक काय, शेवटचं मोजमाप कधी झालं, एवढं विचारा आणि गोदामाशी मी स्वतः बोलेन म्हणून सांगा. बहुधा फोन बंद होतील. न विचारता नंबर अडवून ठेवलात तरी माझी हरकत नाही.

विकायचीच ठरली तर रस्ता सरळ आहे. फेसबुकवर नको, ओळखीच्या ओळखीतून नको, विनापरवाना दारू विकणं स्कॉटलंडमध्येही बेकायदा आहे. ग्लासगोत, पर्थमध्ये, एडिनबरोत व्हिस्कीचे लिलाव करणारी नावाजलेली घरं आहेत. बाटली हाताने नेऊन द्या, पोस्टाने पाठवू नका. खोका आणि पावती दोन्ही न्या. एका वस्तूची विक्री ६,००० पौंडांच्या आत असेल तर भांडवली नफ्याचा कर पडत नाही.

आणि ती पावती जपा. नकली बाटल्यांचा या धंद्यात सुळसुळाट आहे. तुमच्या पेझलीहून फार लांब नाही ते ईस्ट किलब्राइड, तिथल्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळेत २०१८ साली बाजारातल्या ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या तेव्हा २१ खोट्या निघाल्या. १९५० आणि ६० च्या दशकांत अणुचाचण्या झाल्या, त्यांनी हवेतल्या एका प्रकारच्या कार्बनचं प्रमाण वाढवलं. त्या हवेत वाढलेल्या बार्लीत ते उतरलं आणि बार्लीतून व्हिस्कीत. त्यामुळे कोणी एकोणिसाव्या शतकातली म्हणून १९७० ची व्हिस्की खपवली तर प्रयोगशाळेत ती लगेच उघडी पडते. स्वित्झर्लंडमध्ये सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलात २०१७ साली असंच घडलं. १८७८ ची म्हणून दहा हजार फ्रँकांच्या घरात विकलेला एक पेला १९७० च्या दशकातल्या साध्या व्हिस्कीचा निघाला. हॉटेलच्या व्यवस्थापकाने चीनला जाऊन त्या गिऱ्हाइकाचे पैसे परत केले. तुमच्याकडे दुकानाची मूळ पावती आहे, तीही बाटली बाजारात आली त्याच वर्षाची. अशी कागदपत्रं असलेल्या बाटल्या माझ्याकडे फार थोड्या यायच्या.

पावतीवरची तारीख मी तुमच्या पत्रात तीनदा वाचली. आता जे लिहिते तो माझा अंदाज आहे, चुकत असेन तर सांगा.

काका-काकूंचं लग्न मे १९७८ चं. बाटलीवर साल १९७८. आदल्या वर्षी पहिली आवृत्ती आली होती, ती १९७९ ची, ती काकांनी घेतली नाही. १९७८ ची आली तेव्हा घेतली, डिसेंबर २००२ मध्ये. पुढच्या मे महिन्यात त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. आणि मार्चमध्ये काकू गेल्या.

त्यानंतर काकांनी ती बाटली विकली नाही, कोणाला दिली नाही, उघडलीही नाही. कोटांच्या मागे ठेवून दिली. कारखान्यात हाडं झिजवलेला फिटर एवढी महाग बाटली उगीच घेत नाही. तुमच्या घरी काका 'घेतात' एवढीच त्यांची ओळख राहिली असेल, तर ही बावीस वर्षं न फोडलेली बाटली त्यांच्याबद्दल दुसरंही काही सांगते आहे, ते वडिलांच्या कानावर जरूर घाला.

शेजारच्या आजोबांना हे ठाऊक असावं. 'विकू नकोस' म्हणून ते गप्प बसतात ते काकांनी सांगितलेलं बोलून दाखवायला अवघड जातं म्हणूनच, असं मला वाटतं. त्यांच्याकडे जा. चहा घेऊन जा, बाटली नको. पावती दाखवा आणि विचारा की मे २००३ मध्ये तुम्हाला काका-काकूंकडे बोलावणं होतं का? मग ते बोलतील.

माझा अंदाज खरा निघाला, तर माझा सल्ला असा की बाटली उघडा. तुम्हाला पैशांची नड नाही, हे तुम्हीच लिहिलंय. नड असती तर मी विका म्हटलं असतं आणि त्यात काही गैर नाही असंही सांगितलं असतं. पण ही बाटली गुंतवणूक म्हणून घरात आलेली नाही, एका दिवसासाठी आलेली आहे. तो दिवस ज्या दोघांचा होता ते आता नाहीत, पण त्या दिवशी जे टेबलाशी बसले असते त्यांच्यातले निदान एक शेजारी आहेत आणि ते ८३ वर्षांचे आहेत. दहा वर्षांनी बाटली असेल. ते असतील का, याचा विचार यजमानांनाही करायला सांगा.

काकांच्या वर्षश्राद्धाला उघडू नका. तो दिवस घरच्या रीतीने होऊ द्या, वडिलांना दुखवायचं कारण नाही. मे महिन्यातली लग्नाची तारीख निवडा. तुम्हाला प्यायची काहीही गरज नाही, माळ आहे तिथे राहू द्या. तुम्ही फक्त वास घ्या. खरं सांगायचं तर पोर्ट एलनचं निम्मं सुख वासातच आहे.

मी पहिल्यांदा हा वास घेतला तो आयलावरच. पोर्ट एलनला समुद्राकडे तोंड केलेली पांढरी गोदामं आहेत, भिंतीवर काळ्या ठळक अक्षरांत गावाचं नाव. डिस्टिलरी बंद होती, पण शेजारचा १९७३ चा माल्टचा कारखाना चालू होता, आजूबाजूच्या डिस्टिलऱ्यांना धुरावलेली बार्ली पुरवायचा. त्या दिवशी वारा गावाकडे होता आणि सगळ्या रस्त्यावर पीटचा धूर उतरला होता, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांतसुद्धा. तिथे काम करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी घरी बोलावलं. त्यांनी बाटली उघडली, चमचाभर ओतलं आणि पेला माझ्याकडे न देता आधी आपल्या बायकोकडे दिला. त्या बाई पीत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून वास घेतला, 'हं' म्हणाल्या आणि पेला पुढे केला. त्यांच्या खिडकीतून खाडीपलीकडे एक चौकोनी पांढरं दीपगृह दिसत होतं. हे गाव वसवणाऱ्या वॉल्टर कॅम्बेलने १८३२ साली ते आपल्या बायकोच्या आठवणीसाठी बांधलं. तिचं नाव एलनॉर, आणि 'पोर्ट एलन' हे गावाचं नावही तिच्यावरूनच पडलेलं. तुमच्या काकांना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. बेटाला कधी गेले असतील तर माहीत असणारच, गावात जो तो सांगतो.

उघडायचं कसं तेही लिहून ठेवा. आदल्या दिवशी बाटली एकदाच, अगदी क्षणभर तिरकी करून बूच आतून ओलं करा आणि परत उभी करा. जुनी कोरडी बुचं मानेतच मोडतात. उघडताना बूच ओढू नका. एका हाताने ते घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने बाटली हळूहळू फिरवा. तरी मोडलंच तर घाबरू नका, चहाची स्वच्छ गाळणी आणि दुसरं एखादं चांगलं बूच आधीच जवळ ठेवा. माझ्या हातून अशी चार-पाच तरी मोडली आहेत, व्हिस्कीला काही झालं नाही.

बर्फ नको. पेला लहान, वर निमुळता. ओतायचं पंचवीस मिलिलिटर, याहून जास्त नको, कारण बाजारातल्या नेहमीच्या चाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीच्या दीडपट कडक आहे ही. ओतल्यावर दहा मिनिटं तशीच ठेवा. मग साधं पाणी, चमच्याने, थोडं थोडं. पाणी पडलं की धूर मागे सरतो आणि गोडवा पुढे येतो, ही गोष्ट आजोबांना करू द्या, त्यांचं प्रमाण त्यांना ठाऊक असेल. पंचवीसच्या मापाने बाटलीत अठ्ठावीस पेले निघतात, म्हणजे सगळी एका बैठकीत संपवायची नाही. उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून, घट्ट बूच लावून ठेवा, म्हणजे आत हवा राहत नाही आणि ती वर्ष-दीड वर्ष नीट टिकते. थोडी आजोबांना घरी न्यायला द्या.

आणि रिकामी बाटली विकू नका, कोणी कितीही मागितली तरी. रिकाम्या पोर्ट एलन विकत घेणारे लोक आहेत, ते तिच्यात भलतंच काही भरून पुन्हा लिलावात आणतात. ती तुमच्याकडेच ठेवा, पावतीसकट, त्याच खोक्यात. ठेवण्याआधी न पुसल्या जाणाऱ्या शाईने तिच्या लेबलवर आडवं लिहा, कोणत्या तारखेला उघडली आणि कोण कोण बसलं होतं.